हिंदी येतंय म्हणून कोर्टात दुभाषी व्हायला निघालाय? आधी हे वाचून जावा

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात कधी दिवसभर बसला असाल तर हे तुम्ही बघितलं असणार. पुकारा होतो, शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतला, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातला, एखादा पोरगा पिंजऱ्यात येऊन उभा राहतो, साहेब विचारतात मराठी समजतंय का, पोरगा गप्प, मग वकील मागं वळून बघतात आणि म्हणतात कुणाला हिंदी येतंय का जरा. आणि कुणीतरी उठतो. कंपनीतला सुपरवायझर, रूमचा मालक, लेबर आणणारा ठेकेदार, कोण पण. "मला येतंय की." झाला दुभाषी. त्या पोराचं पुढचं सगळं आयुष्य त्या माणसाच्या तोंडातनं कोर्टापुढं जाणार असतं आणि त्या माणसाला कुणी पाच मिनिटं पण सांगितलेलं नसतं की नेमकं करायचं काय. म्हणून हे लिहितोय. त्या उठणाऱ्या माणसासाठी, आणि ज्याचं माणूस पिंजऱ्यात आहे त्याच्यासाठी पण.

माझं म्हणाल तर वडील रेल्वेत होते, माझं सगळं लहानपण खडगपूरला गेलं, बंगाली आणि भोजपुरी शेजारपाजाऱ्यात शिकलो, नंतर आम्ही कोल्हापूरला परत आलो. त्यामुळं ओळखीचे वकील अधनंमधनं बोलवतात.

आधी हो म्हणायचं का नाही ते बघा

दोन प्रश्न स्वतःला विचारायचे. पहिला, या केसमध्ये माझा काही संबंध आहे का. पोरगा कंपनीवर भरपाईचा दावा लावतोय आणि दुभाषी कंपनीचाच सुपरवायझर, हे चालणार नाही, तो कितीही चांगला माणूस असू दे. ठेकेदार तर अजिबात नको, त्याच्यासमोर पोरगा तोंडच उघडणार नाही. नातेवाईक पण नको, प्रेमापोटी माणूस उत्तर सुधारून सांगतो. संबंध असेल तर सरळ साहेबांना सांगायचं की मी यांच्याकडं कामाला आहे, मग कोर्ट काय ते ठरवेल.

दुसरा प्रश्न, त्याची भाषा नेमकी कुठली. आपल्याकडं रेल्वेतनं उतरला की तो "भैया" आणि भाषा हिंदी, एवढंच आपण धरतो. पण धनबादहून येणाऱ्या दीक्षाभूमी एक्सप्रेसमधनं उतरणारी पोरं बघा, त्यात भोजपुरीवाला असतो, मगहीवाला असतो, मैथिलीवाला असतो, झारखंडचा संथाळी नाहीतर मुंडारी बोलणारा असतो आणि संथाळीचं तर हिंदीशी घराणंच एक नाही. ओडिशाचा पोरगा कामापुरती हिंदी बोलतो, म्हणजे "पाना दे, भट्टी बंद कर, पगार कब" एवढी, पण उलटतपासात वकील "तुमचं म्हणणं असं आहे का की तुम्ही तिथं नव्हताच" असं विचारतात तेव्हा ती कामापुरती हिंदी पुरत नाही, तो घाबरून "हाँ" म्हणतो आणि ते "हो" म्हणून लिहिलं जातं.

तपासायचं कसं? सोपं आहे. केस सुरू व्हायच्या आधी वकिलांसमोर पंधरा मिनिटं त्याच्याशी बोलायचं, पण केसबद्दल नाही. गावाला जायला कसं जातोस, घरी कोण कोण, फौंड्रीत सकाळी गेल्यापासनं काय काय करतोस, असं गोष्ट सांगायला लावायचं. हो-नाहीवाले प्रश्न विचारायचे नाहीत, त्याच्यात काहीच कळत नाही. मग त्यालाच म्हणायचं की मी आत्ता काय बोललो ते तुझ्या शब्दात सांग. तो अडखळला, किंवा तुम्हाला दहातली दोन वाक्यं अंदाजानं घ्यायला लागली, तर नाही म्हणा. वाईट काही नाही त्यात.

भाषा चुकली की काय होतं याचं अमेरिकेतलं एक उदाहरण आहे. ओरेगन राज्यात १९८६ साली मेक्सिकोतनं शेतीकामाला आलेल्या एका तरुणाला खुनात दोषी ठरवलं. दुभाषी दिला होता, नाही असं नाही, पण तो स्पॅनिशचा. मेक्सिकोचा आहे म्हणजे स्पॅनिशच बोलत असणार असं सगळ्यांनी धरलं. त्याची भाषा होती मिश्टेक, वेगळीच आदिवासी भाषा. तो सुटला १९९१ साली. बिहारचा म्हणजे हिंदी, असं आपण धरतो तेव्हा हेच करतो.

कायद्यात काय आहे, थोडक्यात

महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासनं मराठी आहे. १ जुलै २०२४ पासनं जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात कलम ३१४ म्हणतं की साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत होत असेल आणि तो कोर्टात हजर असेल तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत तिथंच, उघड कोर्टात सांगितली पाहिजे. जुन्या कायद्याचं कलम २७९ हेच होतं. कलम ३१७ दुभाष्यासाठी, की खरं तेच भाषांतर सांगायला तो बांधील आहे. शपथ कायदा १९६९ मध्ये साक्षीदाराबरोबर दुभाष्याला पण शपथ आहे. आणि हे लक्षात ठेवा, शपथ घेऊन जाणूनबुजून चुकीचं भाषांतर सांगितलं तर ती खोटी साक्षच, भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ मध्ये दुभाष्याचं उदाहरणच दिलेलं आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. प्रामाणिक चूक झाली तर त्याला हे लागत नाही, पण चूक कळल्यावर गप्प बसलात तर मग तुम्ही आणि तुमचं मन.

शपथ न देताच "बोला बोला" म्हणाले तर आपणच नम्रपणे म्हणायचं, "साहेब, आधी मला शपथ द्यावी." ही माझी अट असतेच. एकतर त्यामुळं रेकॉर्डवर येतं की दुभाषी कोण होता, दुसरं म्हणजे आपल्याला पण गांभीर्य येतं.

शब्द कुठं दगा देतात

हा भाग लई महत्त्वाचा आहे म्हणून सावकाश वाचा. हिंदी आणि मराठी सख्ख्या बहिणी असल्यामुळं जास्त धोका. परक्या भाषेत माणूस विचार तरी करतो, इथं शब्द तसाच उचलून ठेवतो.

पहिला शब्द "हम". माझ्याकडनंच झालेली चूक सांगतो. अगदी सुरुवातीची केस, कुठलं कोर्ट ते सांगत नाही. एका खोलीत सहाजण राहत होते, रात्री भांडण झालं, एकाचं डोकं फुटलं, त्यातले दोघं आरोपी. साक्षीदार बिहारचा, साधा पोरगा. तो म्हणाला, "हम रोकने गए, हम उसका हाथ पकड़े." मी म्हणलो, "आम्ही अडवायला गेलो, आम्ही त्याचा हात पकडला." स्टेनोनं टाइप केलं. आता बिहारकडं "हम" म्हणजे "मी". एकटा माणूस स्वतःला हमच म्हणतो, मला हे लहानपणापासनं माहिती, पण कोर्टात उभा राहिल्यावर डोक्यात शाळेतली हिंदी आली. आणि त्या एका "आम्ही"नं चित्र काय झालं बघा, दोघातिघांनी मिळून एकाला धरून ठेवलं. फौजदारी केसमध्ये एकट्यानं केलं का मिळून केलं यावर सगळं फिरतं, समान इराद्याचं कलमच त्यावर उभं आहे. वाईट म्हणजे साक्ष वाचून दाखवताना मी ते "आम्ही" परत "हम" करून सांगितलं आणि पोरानं मान डोलावली, कारण त्याच्या कानाला ते बरोबरच होतं. चूक जातानाही दिसली नाही, परत येतानाही दिसली नाही. पुढं उलटतपासात वकिलांनी विचारलं की हात पकडताना तुमच्याबरोबर कोण होतं, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "कोई नहीं, हम अकेले थे." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी तिथंच हात वर केला आणि सांगितलं की साहेब, आधीच्या वाक्यात माझी चूक झालीय, "आम्ही" नाही "मी" पाहिजे. साहेबांनी त्याला परत विचारून दुरुस्ती लिहून घेतली. त्या वकिलांनी तो प्रश्न विचारला नसता तर? मला अजून रात्री कधीतरी आठवतं.

म्हणून "हम" आला की थांबायचं आणि कोर्टाची परवानगी घेऊन विचारायचं, एकटा का बरोबर कोण होतं. शिवाय मराठीत "आम्ही" वेगळं आणि "आपण" वेगळं, समोरचा त्यात धरलाय का नाही हे आपल्याकडं शब्दातच कळतं, हिंदीतल्या "हम"मध्ये ते कळतच नाही. अंदाजानं भरू नका.

मग "कल". "ठेकेदार को पैसा कल देना था." काल द्यायचे होते का उद्या? दोन्ही अर्थ निघतात. परत विचारायचंच.

"टूट गया" हा भरपाईच्या केसमध्ये येतो. "हाथ टूट गया" म्हणजे हाड मोडलं, आपण म्हणतो हात मोडला. तसंच उचलून "हात तुटला" म्हणलं तर ऐकणाऱ्याला वाटतं हात वेगळाच झाला. "हाथ कट गया" तर दोन्हीला वापरतात, नुसतं कापलं पण आणि पूर्ण तुटला पण. कामगाराच्या दाव्यात यावर पैशाचा आकडा बदलतो, आणि पुढं मेडिकल पेपरशी जुळलं नाही की समोरचे वकील म्हणणार माणूस खोटं बोलतोय. खोटं तो बोललेला नसतो.

"शिक्षा" तर सगळ्यांना माहितीये तरी गडबड होतेच, त्यांची शिक्षा म्हणजे शिक्षण. "चेष्टा" बघा, हिंदीत आणि बंगालीत तो प्रयत्न, आपल्याकडं थट्टा. बंगाली पोरगा म्हणतोय की मी त्याला वाचवायची चेष्टा केली, आणि तुम्ही तसंच सांगितलं तर कोर्टात काय ऐकू जाईल विचार करा. "आपत्ति" म्हणजे त्यांच्याकडं बहुतेक वेळा हरकत, संकट नाही.

बंगालीत "शे" आणि ओडियात "से", तो पण आणि ती पण. क्रियापदावरनं सुद्धा कळत नाही पुरुष होता का बाई. मराठीत आपल्याला "आला" नाहीतर "आली" म्हणावंच लागतं, आणि माणूस सवयीनं "आला" म्हणून मोकळा होतो. इथं सांगायचं, "साहेब, या भाषेत यावरनं पुरुष का बाई कळत नाही, विचारू का?"

तारखांचं तर वेगळंच. उत्तरेकडं महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. त्यांचा चैत होळीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला चैत्र पाडव्याला. म्हणजे साक्षीदार म्हणतो "चैत लगा ही था" आणि तुम्ही म्हणता चैत्राच्या सुरुवातीला, तर सरळ पंधरा दिवसांचा फरक. घटना पंधरा दिवस पुढं गेली, एफआयआरशी जुळेना. त्यामुळं महिना आपल्या मनानं बदलायचा नाही, "चैत" म्हणाला तर "चैत असं म्हणतोय" असंच सांगायचं आणि होळीच्या आधी का नंतर, किती दिवसांनी, हे कोर्टाला विचारू द्यायचं.

आणि हे नुसतं परप्रांतीयांचंच नाही बरं का. बीडकडनं ऊसतोडीला येणारी माणसं मराठीच बोलतात, काहींच्या घरात बंजारा बोली, तरी त्यांची भाषा कोल्हापूरच्या कोर्टाला पूर्ण कळतेच असं नाही. मुकादम म्हणतो "वीस कोयते आणले", म्हणजे वीस जोड्या, नवरा-बायको मिळून एक कोयता. "उचल घेतली" म्हणजे आगाऊ पैसे घेतले. आता ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर सुरू झालंय, तिथं कामकाज इंग्रजीत. मराठीतली ही साक्ष इंग्रजीत जाताना "वीस कोयते" म्हणजे वीस हत्यारं झाली आणि "उचल" म्हणजे चोरी झाली तर? खाली झालेली चूक वर जाताना अशी दुप्पट होते. म्हणून खालीच, साक्षीच्या वेळीच, "कोयता म्हणजे इथं जोडी" हे साक्षीदाराच्याच तोंडनं लिहून घ्यायला वकिलांनी प्रश्न विचारायला पाहिजे. दुभाष्यानं स्वतः भाष्य करायचं नाही, फक्त कोर्टाच्या लक्षात आणून द्यायचं.

पिंजऱ्याजवळ उभं राहिल्यावर

तो "मी" म्हणाला की तुम्ही पण "मी"च म्हणायचं. "तो म्हणतोय की त्यानं बघितलं" असं नाही, सरळ "मी बघितलं". सुरुवातीला विचित्र वाटतं पण यानं "तो" कोण हा घोळ राहत नाही. स्वतःबद्दल बोलायचं असेल तर "दुभाषी विनंती करतो" असं म्हणायचं.

सारांश अजिबात नाही. तो दोन मिनिटं बोलला आणि तुम्ही म्हणलात "नाही म्हणतोय साहेब", हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या दोन मिनिटांत काय होतं ते कोर्टाला कधीच कळलं नाही. अमेरिकेत १९७० साली निग्रॉन म्हणून केस झाली, प्युर्टो रिकोहून न्यूयॉर्ककडं बटाटे पॅकिंगच्या कारखान्यात कामाला आलेला माणूस, खुनाचा खटला, इंग्रजी येत नाही, वकिलाला स्पॅनिश येत नाही, आणि सरकारी बाजूनं आणलेली दुभाषी बाई मधल्या सुट्टीत त्याला थोडक्यात सांगायची की आत्ता काय काय झालं. वरच्या कोर्टानं सांगितलं हा न्याय्य खटला नाही, शिक्षा टिकली नाही. प्युर्टो रिको अमेरिकेकडंच आहे, म्हणजे देश तोच, भाषा वेगळी, आपल्या बिहारमधल्या छपऱ्याच्या नाहीतर ओडिशातल्या गंजामच्या पोरासारखंच.

शिव्या दिल्या तर शिव्या सांगायच्या. लाज वाटली तर "अपशब्द वापरला" म्हणून सोडून द्यायचं नाही, नेमका शब्द काय होता यावर जातीचा किंवा विनयभंगाचा गुन्हा उभा राहतो किंवा पडतो. अडखळला तर अडखळत सांगा, उत्तर प्रश्नाशी जुळत नसेल तरी जुळवून देऊ नका. आणि प्रश्न पण जसा आहे तसाच न्या, वकिलांनी अवघड विचारला म्हणून सोपा करून विचारायचा नाही. पोराला कळलं नाही तर त्यालाच म्हणू दे "समझ में नहीं आया", मग ते वकील बघतील.

लांब बोलायला लागला तर हात वर करून थांबवा. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला जो खटला झाला तिथं चार भाषा एकाच वेळी चालायच्या, तर बोलणाऱ्यासमोर दिवे लावले होते, पिवळा लागला की हळू बोला, लाल लागला की थांबा. एवढ्या मोठ्या लोकांना थांबवत होते, मग आपण हात वर केला तर काय बिघडतंय. वही-पेन जवळ ठेवा, आकडे, नावं, वेळा टिपून घ्या. तासभर सलग झालं की पाच मिनिटं मागा, दमलेल्या डोक्यातनं वाक्यं गळतात आणि गळलेली कळत पण नाहीत.

मोबाइलवरचं ट्रान्सलेट वापरू का असं बरेच जण विचारतात. गुगलवर २०२२ पासनं भोजपुरी, मैथिली आहे, खरंय. घरी शब्द शोधायला वापरा. साक्षीत नाही, त्याला शपथ देता येत नाही आणि "हम" म्हणजे एकटा का सगळे हे त्याला विचारता पण येत नाही.

पोराचे वकील, भाऊ, रूममेट यांच्यासाठी

पकडल्यापासनंच भाषेकडं लक्ष द्या, साक्षीपर्यंत थांबू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये स्पष्ट केलंय की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, लगेच जमलं नाही तर निदान रिमांडला हजर करायच्या दोन तास आधी. मराठीतल्या कागदावर सही घेतली असेल तर पहिल्याच रिमांडला वकिलांनी हे बोलायला पाहिजे. वकील करायला पैसे नसतील तर कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि त्यांचं लोक अभिरक्षक कार्यालय आहे, फोन १५१००.

दुभाषी पाहिजे असेल तर तोंडी सांगून सोडू नका, अर्ज द्या आणि अर्जात भाषेचं नाव नीट लिहा, "हिंदी" नाही, "मगही" तर "मगही". दुभाषी चुकतोय असं वाटलं तर त्याच क्षणी उठून हरकत घ्या आणि ती नोंदवून घ्या, अपिलात जाऊन म्हणलात की तेव्हा भाषांतर चुकीचं होतं तर पहिला प्रश्न येणार तेव्हा का बोलला नाहीत. कळंबा जेलमधनं व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, हजर करत असतील तर जास्त काळजी घ्या, आवाज तुटतो आणि दुभाषी इकडं आणि पोरगा तिकडं. जमत असेल तर साक्षीच्या दिवशी प्रत्यक्ष हजर करायची विनंती करा.

सगळ्यात हुकमी जागा म्हणजे वाचून दाखवणं. संहितेचं कलम ३१३ सांगतं की लिहिलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची, आणि ती दुसऱ्या भाषेत लिहिली असेल तर त्याला समजेल अशा भाषेत सांगायची, तिथं तो दुरुस्ती सांगू शकतो. आरोपीच्या जबाबाला हेच कलम ३१६ मध्ये आहे, तो स्वतःच्या उत्तरात भर पण घालू शकतो. संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात, सगळ्यांना घरी जायचं असतं, आणि हे भरभर उरकतं. उरकू देऊ नका. आणि मी केलं तसं शब्दाला शब्द उलटा फिरवून वाचू नका, अर्थ फोडून विचारा. "यहाँ लिखा है कि तुमने अकेले हाथ पकड़ा, सही है?" असं. शक्य असेल तर वाचून दाखवायला दुसरा माणूस घ्यायची विनंती करा, ज्यानं चूक केली त्याला ती दिसत नाही.

दुभाष्याला शेवटचं एक. केस लागायच्या आधी एक दिवस जाऊन ते काम बघून या. फौंड्रीत फेटलिंग म्हणजे काय, लॅडल कसा उचलतात, इचलकरंजीत लूमवर पाळी कशी बदलते, वीटभट्टीवर हिशेब हजारावर कसा चालतो. पोरगा तेच शब्द वापरणार आहे. आणि संध्याकाळी चहाच्या गाड्यावर कुणी विचारलं की आज कोर्टात काय झालं, तर सांगायचं नाही, वहीतल्या पानांचं काय करायचं ते वकिलांना नाही, शिरस्तेदारांना, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनांना, विचारून ठरवायचं.